अंदाज म्हणजे निकाल नव्हे

४ जानेवारी

प्रिय मावशी,

दुकानातून लिहिते आहे. दुपारी दोन ते तीन गिऱ्हाईक नसतं. मालक आतल्या खोलीत खुर्चीवर डुलक्या काढतात आणि डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं माझ्याकडे बघत बसतात. उत्तर या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावरच पाठव, घरी नको. घरी आम्ही नवराबायको एकमेकांची पत्रं आणि फोन बिनदिक्कत उघडतो. आजवर त्यात काही वाटलं नव्हतं.

तुला फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी पाच मिनिटं सगळं सांगितलं आणि शेवटी तू म्हणालीस, "बरं बरं, कळव मग." मी जे कळवत होते तेच तू मला कळवायला सांगत होतीस. तेव्हा पत्र बरं.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तू लाल पेन काढशील. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली दोन आम्ही मुलासाठी वाट बघतो आहोत, हे तुला माहीत आहे. शेवटी तपासण्या करायच्या ठरवल्या. त्याची तपासणी चांगली आली. माझ्या रक्ताच्या चार-पाच तपासण्या झाल्या आणि त्यातल्या एका कागदावर लिहिलं आहे : क्लॅमिडिया अँटिबॉडी, पॉझिटिव्ह. खिडकीतली मुलगी म्हणाली, डॉक्टर रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात या. मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या फोनवर शोधलं. शरीरसंबंधातून पसरणारा जंतू, बहुतेकदा काही त्रास न देता येतो, आणि पोटातल्या गर्भनलिका बंद करू शकतो. त्यापुढे वाचवलं नाही. माझी बस निघून गेली.

मावशी, कॉलेजात असताना माझी एकाशी मैत्री होती. नुसती मैत्री नव्हे. नवऱ्याला एवढंच माहीत आहे की कोणीतरी होतं. त्याने कधी जास्त विचारलं नाही, मी कधी जास्त सांगितलं नाही. आता भाजी चिरताना एकदा वाटतं, हे माझ्यामुळे आहे. एकदा वाटतं, त्याच्यामुळे असेल तर? आणि दोन्ही वेळा बोट कापतं.

मी त्याला सांगितलं की सगळं ठीक आहे, फक्त रक्त थोडं कमी आहे. तेव्हापासून तो रोज बीट आणतो. किसून, उकडून, रस काढून. तुला माहीत आहे मला बीट बघवतसुद्धा नाही. रोज खाते.

तू सगळा जन्म रक्त तपासण्यात घालवलास. मला सरळ सांग. मला मूल होणार नाही का? हे कोणाकडून आलं? आणि त्याला सांगितलं तर तो राहील का?

आईला काही बोलू नकोस. हे पत्र फाडून टाक.

तुझी,
टिटवी

*

९ जानेवारी

प्रिय टिटवी,

पत्र फाडलं नाही. मी कागद फाडत नाही, कुलपात ठेवते. प्रयोगशाळेत आमचा एकच नियम होता : ज्याचं रक्त, त्याच्याच हातात निकाल. नवरा आला, सासू आली, वशिल्याचा साहेब आला, तरी तोच. निवृत्त झाले म्हणून नियम निवृत्त होत नाही. तेव्हा तुझ्या आईची काळजी सोड.

फोनबद्दल बोललीस ते अनाठायी आहे. माझे कान ठीक आहेत. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

कॉलेजातल्या मुलाचं मला सांगायची काही गरज नव्हती. मी कबुलीजबाब घेत नाही, नमुने घेते. तू मोठी मुलगी होतीस, तुझं आयुष्य होतं. पुढचं वाच.

अँटिबॉडी म्हणजे तुझ्या शरीराने त्या जंतूशी कधीतरी दोन हात केले त्याची खूण. मारामारी संपली तरी खूण वर्षानुवर्षं राहते. या कागदावरून जंतू आज अंगात आहे की नाही ते कळत नाही. केव्हा आला ते कळत नाही. कोणाकडून आला ते तर जगातली कुठलीही प्रयोगशाळा या कागदावरून सांगू शकणार नाही, आणि सांगितलं तर ती बंद पाडायला मी स्वतः जाईन. शिवाय या जंतूचा एक भाऊबंद आहे, तो साधा खोकला आणि न्यूमोनिया देतो. काही वेळा तपासणी त्यालाच बघून हो म्हणते. लहानपणी तू महिनाभर खोकत होतीस, तुझ्या उशाशी मी बसले होते.

मग ही तपासणी करतात कशाला? कारण हो आलं तर नलिकांमध्ये अडथळा असण्याची शक्यता वाढते, आणि नलिका लवकर बघाव्यात हे डॉक्टरला कळतं. शक्यता वाढते, एवढंच. नलिका उघड्या आहेत की बंद, ते नलिका तपासूनच कळतं. तू बसस्टॉपवर उभी राहून निकाल लावलास. अंदाज म्हणजे निकाल नव्हे, हे मी माझ्या हाताखालच्या पोरींना इतक्यांदा ऐकवलं आहे की त्या मला मागून त्याच नावाने हाक मारायच्या.

तूच मला सांगितलं होतंस की चष्मा लागेल या भीतीने लोक तक्त्याची खालची ओळ पाठ करून येतात आणि धडाधडा म्हणून दाखवतात. तू त्यांना काय म्हणतेस? पाठ केल्याने नजर सुधारत नाही. मग "रक्त थोडं कमी आहे" हे काय आहे?

नवऱ्याला सांग. तो राहील का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, त्याच्याकडे आहे. आणि भाजी त्याला चिरू दे.

तुझी,
मावशी

*

११ जानेवारी

आदरणीय मावशी,

साष्टांग नमस्कार. मी तुम्हाला पत्र लिहितो आहे याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. मलाही वाटतं आहे. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, बिघाडाच्या नोंदीपलीकडे काही लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. उत्तर कृपया आमच्या वर्कशॉपवर पाठवावं.

तुमच्या भाचीच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या. फक्त रक्त कमी आहे, त्यासाठी मी बीट सुरू केलं आहे. माझीही तपासणी चांगली आली असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे दोघंही ठीक आणि तरी मूल नाही. आमच्या कामात वायर ठीक, मोटर ठीक आणि तरी लिफ्ट चालत नसेल तर बिघाड अशा जागी असतो जी कोणी उघडून बघितलेली नाही. ती जागा मला माहीत आहे.

लग्नाच्या आधी दोन वर्षं मी दुसऱ्या शहरात एका उंच इमारतीच्या कामावर होतो. तिथे एकीशी जवळीक होती. मला लघवीला जळजळ सुरू झाली, डॉक्टरने क्लॅमिडिया सांगितला आणि गोळ्या दिल्या. तिलाही सांगा म्हणाले. सांगितलं, तिने औषध घेतलं, आणि त्यानंतर आमचं मिटलं. मी गोळ्या सगळ्या घेतल्या असं मला वाटतं. पण शपथेवर सांगता येणार नाही, कारण त्याच आठवड्यात बाराव्या मजल्यावर काम अडकलं होतं.

आता तुमची भाची बिचारी स्वतःला कमी समजते आणि तोंड वाकडं न करता बीट खाते. मला बघवत नाही. माझ्या रक्ताची अँटिबॉडी तपासणी केली तर माझ्यामुळेच हे आहे ते सिद्ध होईल का? मला आधी पक्कं कळू दे, मग मी तिला सांगेन. तोवर तिला काही कळवू नये ही हात जोडून विनंती. ती मला सोडून जाईल अशी भीती आहे. गेली तर मी तिला दोष देणार नाही.

आपला,
जावई

*

१६ जानेवारी

जावईबापू,

अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मध्ये एकदा चष्मा पुसला. अक्षर चांगलं आहे.

रक्ताच्या तपासणीने तुमचं काम होणार नाही. तुमच्या रक्तात खूण सापडली तर ती तेवढंच सांगेल जे तुम्ही मला कागदावर लिहूनच दिलं आहे. तुमच्यामुळे काय झालं आणि काय नाही, ते ती सांगणार नाही. तुम्हाला हवी आहे लघवीची तपासणी. जंतू आज आहे की नाही ते त्यात कळतं. असला तर गोळ्या, दोघांनीही, एकाच वेळी, आणि या खेपेला बाराव्या मजल्याची सबब चालणार नाही.

डॉक्टरने सांगितल्याबरोबर तुम्ही त्या मुलीला सांगितलंत. माझ्या खिडकीशी आलेल्या शंभर पुरुषांतले नव्वद हे करत नसत. ते "माझ्या मित्राला झालंय" म्हणत. जे परक्या मुलीला सांगता आलं ते बायकोला का सांगता येऊ नये, हे मला समजत नाही. आधी पक्कं कळू दे, मग सांगेन, असं म्हणणारे लोक पक्कं कळल्यावरही सांगत नाहीत.

तिला सांगा. मी सांगणार नाही. एकाचं दुसऱ्याला सांगणं माझ्या नियमात बसत नाही. सध्या हा नियम मला फार जड जातो आहे, पण ते माझं मी बघेन.

आणि बीट कमी करा. एवढं बीट कोणालाही लागत नाही.

तुमची,
मावशी

*

२२ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी दुकानात तीनदा वाचलं. मालक म्हणाले, एवढं काय वाचतेस, नंबर वाढलाय का? पहिल्या दोन वेळा धीर आला. तिसऱ्यांदा "नवऱ्याला सांग" याच्यापाशी थांबले, ती अजून तिथेच आहे.

सांगायला गेले होते. परवा जेवताना मी "तुला एक सांगायचं आहे" म्हटलं. तो म्हणाला, "मलाही." मग मी म्हटलं, आधी तू. तो म्हणाला, नाही, आधी तू. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी मी म्हटलं गॅस संपत आला आहे, आणि तो म्हणाला स्कूटरचं चाक बसतं आहे. दोन्ही खोटं होतं. सिलिंडर मी आदल्याच दिवशी बदलला होता आणि चाक मी स्वतः दाबून बघितलं, दगडासारखं होतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. शनिवारपासून बीट बंद झालं. एकदम. मी विचारलं तर म्हणाला, "एवढं बीट कोणालाही लागत नाही." मावशी, इतके दिवस पिशव्या भरभरून आणणारा माणूस अचानक असं का म्हणेल? त्याला कागद सापडला असेल का? की माझी काळजी घ्यायचाच कंटाळा आला? बीट चालू होतं तेव्हा मी रडकुंडीला यायचे, आणि आता भाजीवाल्याकडे बीट दिसलं की रडू येतं.

मी त्याला नाही सांगू शकत. मी तशी भित्री नाही हे तुला माहीत आहे. पण मला मूल नसलं तरी चालेल, तो नसला तर चालणार नाही. आता काय करू?

तुझी,
टिटवी

*

२७ जानेवारी

प्रिय टिटवी,

गुरुवार, ६ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. चौथा मजला. माझी जुनी मैत्रीण तिथे डॉक्टर आहे, अशा जोडप्यांचंच काम करते आणि फालतू बोलत नाही. मी तिला तुझ्याबद्दल काहीही सांगितलेलं नाही, फक्त वेळ घेतली आहे. तुझा कागद तूच दाखव. आणखी काही विचारू नकोस.

मावशी

*

२७ जानेवारी

जावईबापू,

गुरुवार, ६ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. चौथा मजला. माझी जुनी मैत्रीण तिथे डॉक्टर आहे. मी तिला तुमच्याबद्दल काहीही सांगितलेलं नाही, फक्त वेळ घेतली आहे. तुमची हकीकत तुम्हीच सांगा. आणखी काही विचारू नका.

मावशी

*

८ फेब्रुवारी

मावशी,

तुला "प्रिय" लिहावं की नाही यावर आमच्या घरी चर्चा चालू आहे. हे पत्र घरून लिहिते आहे आणि तो शेजारी बसून बघतो आहे. आता सगळं ऐक.

गुरुवारी सकाळी मी त्याला सांगितलं की दुकानात नवीन फ्रेमा यायच्या आहेत, स्कूटर मला दे. तो म्हणाला, नेमकी आज नको, एका इमारतीत लिफ्ट अडकली आहे, तातडीचं आहे. मी म्हटलं, कुठली इमारत? त्याने विचारलं, कुठल्या फ्रेमा? शेवटी मी बसने गेले. त्याने खोटं खरं वाटावं म्हणून कामाचा निळा गणवेश घातला, हत्यारांची पिशवी घेतली आणि निघाला.

मी आधी पोहोचले. चौथा मजला, म्हणून लिफ्टमध्ये शिरले. तिसरा मजला गेला आणि लिफ्ट थांबली. ना वर ना खाली. मी घंटा दाबली. खालून एका बाईचा आवाज आला की घाबरू नका, माणूस बोलावतो.

इकडे तो दारातून आत आला, गणवेशात, पिशवीसकट. स्वागतकक्षातल्या बाईने त्याला बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं आलात, बाई अडकल्या आहेत." त्याला मी तपासणीसाठी आलो आहे असं म्हणायचं होतं, पण आठ-दहा माणसांसमोर ते तोंडातून निघेना. तो मुकाट जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आला आणि दार उघडलं. लिफ्ट अर्धी वर अडकली होती, त्यामुळे त्याला आधी फक्त माझे पाय दिसले.

"हे हिरवे सँडल माझ्या ओळखीचे आहेत," तो म्हणाला.

मावशी, मी खाली बसले तेव्हा आमची तोंडं समोरासमोर आली. मी आत, फरशीवर, मांडीवर डॉक्टरचा लिफाफा. तो बाहेर, हातात पाना.

"तू इथे कसा?" मी विचारलं.

आता बघ. त्याच्याकडे जगातलं सगळ्यात उत्तम उत्तर तयार होतं. लिफ्ट दुरुस्त करायला आलो. गणवेश होता, हत्यारं होती, अडकलेली लिफ्टसुद्धा होती. सकाळचं खोटं आपोआप खरं झालं होतं. मी तेच ऐकायची तयारी केली होती, आणि ते ऐकून मीही म्हणणार होते की या इमारतीत फ्रेमांचा व्यापारी आहे.

त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मला तुझ्या मावशीने पाठवलंय. मला तुला काहीतरी सांगायचं आहे आणि मी तीन आठवडे घाबरतो आहे."

मी म्हटलं, "मलाही तिनेच पाठवलंय."

मग त्याने सांगितलं, मग मी सांगितलं. कोण आधी यावर या खेपेला वाद झाला नाही. त्याने गोळ्यांचं सांगितलं, मी कागद दाखवला. त्याला वाटत होतं त्याने मला दिलं, मला वाटत होतं मी त्याला दिलं. आम्ही बराच वेळ एकमेकांच्या हातून दोष ओढून घेत होतो, हॉटेलात बिल ओढतात तसे. शेवटी मी म्हटलं, मावशी म्हणते जगातली कुठलीही प्रयोगशाळा हे सांगू शकणार नाही. तो म्हणाला, मलाही तिने हेच लिहिलं. मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला की तुझ्याकडे दोन्ही पत्रं होती आणि तू आम्हाला नुसतीच वेळ देऊन गप्प बसलीस. तिथे आम्ही दोघंही इतके हसलो की खालून बाई ओरडली, "काय झालं? अजून किती वेळ?"

"मोठा बिघाड आहे, बाई," त्याने वरून सांगितलं.

ती लिफ्ट सुरू करायला दोन मिनिटांचं काम होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. त्याने चांगला अर्धा तास लावला.

बिटाचाही उलगडा झाला. मी त्याला विचारलं, तू बीट का बंद केलंस? म्हणाला, मावशींनी सांगितलं. मग मी त्याला खरं काय ते सांगितलं की माझ्यात रक्त भरपूर आहे आणि मला बीट मुळीच आवडत नाही. या सगळ्या प्रकरणात तो चिडला असेल तर फक्त याच गोष्टीवर. "महिनाभर हात लाल करून किसत होतो," म्हणाला.

तुझी डॉक्टरीणबाई तुझ्यासारखीच आहे. आम्ही धुळीने माखलेले, हसून डोळे ओले झालेले, उशिरा आत शिरलो. ती म्हणाली, "एकाच वेळेला दोन माणसं पाठवते म्हणाली तेव्हाच मला शंका आली होती. बसा." तिने तू लिहिलं होतंस तेच सांगितलं. कोणामुळे हा प्रश्न तिने आम्हाला विचारूच दिला नाही. म्हणाली, तो प्रश्न उपचाराच्या काही कामाचा नाही, घरी भांडायला हवा असेल तर घेऊन जा. दोघांचीही लघवीची तपासणी केली आहे, निकाल आठ दिवसांत. पुढच्या महिन्यात माझ्या नलिकांमध्ये औषध सोडून एक्स-रे काढायचा आहे. त्याची भीती वाटते. पण ही भीती आता दोघांत वाटून घेतली आहे.

तुझी (प्रिय ठेवायचं ठरलं),
टिटवी

मावशी, खाली मी लिहितो आहे. स्वागतकक्षातल्या बाईंनी मला आता दर गुरुवारी लिफ्ट बघायला यायला सांगितलं आहे. आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं आहे की तुम्ही कानांची तपासणी केलीत का. सात वर्षं सांगते आहे, म्हणाल्या.
जावई

*

१३ फेब्रुवारी

प्रिय टिटवी आणि जावईबापू,

आता दोघांना मिळून एकच पत्र लिहिता येतं, याने माझं निम्मं काम वाचलं. दोन पत्रं कुलपात ठेवून दोघांना वेगवेगळं लिहिणं हे माझ्या नोकरीतल्या कुठल्याही कामापेक्षा कठीण होतं. टिटवीचं बिटाचं पत्र आलं त्या दिवशी मी खोलीत एकटी मोठ्याने हसले आणि मग मला स्वतःचाच राग आला, कारण पोर रडत होती.

मी कोणाचंही कोणाला सांगितलं नाही, याची नोंद घ्यावी. वेळ देणं म्हणजे सांगणं नव्हे. लिफ्ट अडकेल हे मी ठरवलं नव्हतं. माझ्या योजनेप्रमाणे तुम्ही बाकावर शेजारी शेजारी बसून घाम पुसत बसायला हवे होतात.

एक्स-रेला भिऊ नकोस. पोटात कळ येते आणि जाते. जावईबापूंना बाहेर बसव आणि त्यांच्या हातात पाना देऊ नकोस.

माझ्या मैत्रिणीला सांगा की स्वतःचं काम कर. माझे कान उत्तम आहेत.

तुमची,
मावशी

*

२० मार्च

आदरणीय मावशी,

सा. न. टिटवी झोपली आहे, म्हणून मी लिहितो. लघवीच्या तपासणीत दोघांनाही जंतू नाही हे तुम्हाला कळवलं होतंच. आज एक्स-रे झाला. उजवी नलिका बंद आहे. डावी उघडी आहे, औषध त्यातून सरळ आरपार गेलं, पडद्यावर मी स्वतः बघितलं.

बंद म्हटल्यावर टिटवीचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, पण मला जे सुचलं ते मी बोलून गेलो. मी म्हटलं, आमच्या कामात इमारतीला दोन लिफ्ट असतात आणि एक बंद पडली तर कोणी इमारत बंद करत नाही. लोक थोडे थांबतात, पण वर पोहोचतात. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हे मी आता प्रत्येकीला सांगणार. टिटवी हसली. मग रडली. मग म्हणाली भूक लागली.

सहा महिने वाट बघायची. नाही झालं तर पुढचे उपाय आहेत, तेही त्यांनी समजावले. दिवस गेले तर मात्र लगेच कळवायचं, म्हणजे गर्भ योग्य जागी आहे ना ते लवकर बघता येतं. आम्ही थांबायला तयार आहोत. थांबलेल्या लिफ्टमध्ये आमचं बरं जमतं.

आपला,
जावई

*

२ ऑगस्ट

प्रिय मावशी,

गुरुवार, १४ ऑगस्ट, सकाळी साडेदहा. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. तुझ्या घरापासून चालत जाता येतं. आम्ही तिथे तुझ्याबद्दल काहीही सांगितलेलं नाही, फक्त वेळ घेतली आहे. आणखी काही विचारू नकोस.

बरं, तू विचारशीलच. कान तपासतात तिथे. तुला सांगायची एक बातमी आहे आणि ती आम्ही पत्रात लिहिणार नाही. ती फोनवरच सांगायची असं दोघांनी मिळून ठरवलं आहे, आणि "बरं बरं, कळव मग" हे उत्तर आम्हाला चालणार नाही. आईला कालच सांगितली. तिच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न करू नकोस, ज्याची बातमी त्यानेच सांगायची असं तिला बजावलं आहे. नियम तुझाच आहे.

तुझी टिटवी
आणि तिच्या शेजारी बसलेला जावई

*

१८ ऑगस्ट

प्रिय टिटवी आणि जावईबापू,

असला अगोचरपणा मी माझ्या हाताखालच्या कोणाचाही खपवून घेतला नसता. गेले होते.

तिथे काचेच्या खोलीत बसवतात, कानाला लावायला देतात आणि आवाज आला की बटण दाबा म्हणतात. तपासणारी मुलगी बाहेर बसली होती. तिचा हात यंत्रावर हलला की आवाज येणार हे दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं आणि मी धडाधडा बटण दाबत सुटले. पोरीने माझ्याकडे बघितलं, उठली आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "आजी, पाठ केल्याने ऐकू येत नाही," म्हणाली. टिटवी, तिला तू हे सांगून ठेवलं नसशील तर ती हुशार आहे. माझ्याकडे असती तर मी तिला दुसऱ्याच दिवशी बढती दिली असती.

निकाल : उजवा कान जवळपास गेलेला. डावा बरा आहे. जावईबापूंना सांग, इमारत चालू आहे.

कानात यंत्र बसवलं. पहिल्यांदा ऐकू आला तो स्वयंपाकघरातला नळ. किती वर्षं ठिबकत होता कोण जाणे. लोक तोंडातल्या तोंडात बोलत नाहीत असंही दिसतं आहे. शेजारीण तर चांगलीच ओरडते.

तुझ्या आईने परवा येऊन काही सांगितलं नाही, पण दोन तास उगीचच हसत बसली होती. बातमी काय असेल याचा मला अंदाज आहे. पण अंदाज म्हणजे निकाल नव्हे. रविवारी सकाळी दहा वाजता मी फोनजवळ बसेन. एकाने बोला, एकदम दोघं बोलू नका.

तुमची,
मावशी

ता. क. जावईबापू, आता थोडं बीट चालेल.